जोतीरामआबांचा खटक्याचा चाकू

आमच्या शेजारचे जोतीरामआबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याला पाणी आलं की कुणाच्या शेताला किती तास सोडायचं आणि दार कधी बंद करायचं, हे बघणं त्यांचं काम. भवानीनगर ते शेळगाव सायकलवर एकटे फिरत. स्वभाव असा, की वाटेत कुत्रं बसलेलं दिसलं तर त्याला न उठवता आबा सायकल शेतातून काढत.

अशा माणसाला शेळगावच्या सर्जेरावानं दम दिला. त्याची पाण्याची पाळी संपली होती, उसाचे चार वाफे कोरडे राहिले होते आणि आबांनी नियमाप्रमाणे दार खाली केलं. "आबा, पुढच्या पाळीला बघतोच तुमच्याकडं," एवढंच तो बोलला. आबा घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बारामतीच्या बाजारातून खटक्याचा चाकू घेऊन आले. बटण दाबलं की पातं बाहेर.

"कुणाला मारायचंय?" मुक्ताबाईंनी, म्हणजे त्यांच्या कारभारणीनं विचारलं.

"मारायला न्हाय गं. जवळ असला म्हंजी धीर येतो."

"मंग कांदा तरी चिरा. धीर बी येईल आन भाजी बी हुईल."

चाकूनं पहिलं रक्त काढलं ते आबांचंच. सायकलवर टांग टाकताना तो खिशात उघडला आणि मांडीत घुसला. डॉक्टरला त्यांनी बाभळीचा काटा सांगितला. मग ते चाकू सुतळीनं बांधून ठेवू लागले; म्हणजे हल्ला झालाच असता, तर गाठ सुटेपर्यंत समोरच्याला थांबावं लागलं असतं. पुढं चारीत, म्हणजे कालव्यातून शेताकडं जाणाऱ्या छोट्या पाटात, पाय घसरून आबा चाकूसकट पाण्यात पडले आणि खटका गंजून बसला. चाकू उघडेना, तरी खिशातून निघेना. मी त्यांना खूप हसलोय. पण शेळगावची पाळी आली की त्यांना घास गिळत नसे, हेही मी पाहिलंय.

दोनेक वर्षं अशी गेली. पंच्याण्णवच्या निवडणुकीत आबांच्या मनात आलं, आपण सरकारी माणूस, चाकू बाळगणं कायद्यात बसतं का विचारून घ्यावं. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरीवरच बेतलं असतं. म्हणून ते पोलीस चौकीत विचारायला गेले. चाकू घेऊनच गेले.

हवालदार सोपान ओळखीतला. त्यानं कपाळावर हात मारला.

"चाकू ठेवावा का ह्ये इच्यारायला चाकू घिऊन आलाय व्हय? जिल्ह्यात शस्त्रबंदी हाय, आबा! आत्ता लिहून घेतलं तर संपलं तुमचं."

"आवं, बाहेर ऊसतोडीवाल्यांच्या हातात एवढाले कोयते हायती."

"त्यांचं काम हाय ते. तुमी ह्यानं काय करता?"

"भितो," आबा म्हणाले.

सोपानला हसावं की रागवावं कळेना. त्यानं समजावलं, जीव वाचवायला लागेल तेवढाच जोर करायचा हक्क कायदा देतो. कुणी नुसता दम दिला आणि तुम्ही चाकू काढला, तर गुन्हेगार तुम्हीच. मग त्यानं बटण दाबून पाहिलं. पातं हललं नाही.

"ह्यो चाकू न्हाय, आबा, लोखंड हाय. सरळ घरी जावा आन पेटीत टाका. पोराच्या लग्नात लिंबू खोचून द्या त्याच्या हातात."

आबांनी ते शब्दशः घेतलं. आमच्याकडं हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली सुरी असते, नजर लागू नये म्हणून. महिन्याभरात आबांच्या पोराची, ऋषिराजची हळद आली. आबांनी दुसरी सुरी आणलीच नव्हती. मांडवात तिघांनी बटण दाबून अंगठे दुखवून घेतले. नवरदेव हळदीच्या अंगानं पाटावर ताटकळला.

"आणा हिकडं," मागून आवाज आला.

सर्जेराव! त्याला पत्रिका मुक्ताबाईंनी परस्पर पाठवली होती. आबा नवरदेवापेक्षा पिवळे पडले.

सर्जेरावानं खोबरेल मागवलं, खटक्यात चार थेंब सोडले आणि अंगठ्यानं दाबलं. खट्‌कन पातं बाहेर आलं. आबा एक पाऊल मागं सरले.

"कशासाठी घेतला हुता हो आबा?"

आबांना खोटं कधी जमलंच नाही. "तुमच्यासाठी."

सर्जेरावानं चाकू खाली घेतला. "ऊस वाळत हुता, आबा. त्वांडातनं गेलं. आन तुमी दोन वर्सं ह्ये खिशात घिऊन फिरला?" त्यानं पात्यावर लिंबू टोचलं आणि मूठ पुढं करून चाकू नवरदेवाच्या हातात दिला.

पुढच्या पाळीला आबा रिकाम्या खिशानं शेळगावला गेले. वेळ संपली तसं त्यांनी दार खाली केलं. सर्जेराव बांधावर उभा होता, आणि चार वाफे या खेपेलाही कोरडेच होते.

"आबा," तो म्हणाला, "जेवूनच जावा."

आबा पोटभर जेवले.