सव्वीस फूट पूर्वेला

प्रशील खोटं बोलत नाही, ही संघमित्राची सत्तावीस वर्षांची काळजी होती. दुसऱ्या बायांना मुलांच्या थापांवरून शाळेत बोलावणं यायचं, तिला मुलाच्या खरेपणावरून. पहिलीत असताना तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याला कौतुकानं विचारलं, "काय रे, किती वाजले?" प्रशीलनं सांगितलं की भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे, आणि त्या अकरा मिनिटांत गुरुजी अंडी आणायला जातात. गुरुजींची बदली झाली. नवे गुरुजी पहिल्याच दिवशी त्यांच्या घरी चहाला आले आणि कप रिकामा होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

बोदवडला मुलगी बघायला गेले तेव्हाही तेच. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "घर कसं वाटलं?" प्रशील म्हणाला, "रस्त्यापेक्षा दीड फूट खाली आहे. पाणी शिरेल." स्थळ तिथंच मोडलं. पावसाळ्यात खरंच पाणी शिरलं, तेव्हा ती माणसं आणखी रागावली.

पण एक घड्याळ, एक घर इथवर निभावलं होतं. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता शाळेच्या पटांगणात उभं राहून प्रशील साऱ्या हिवरखांबला वाचून दाखवणार होता की गाव आपल्या जागेवर नाही.

हिवरखांब म्हणजे धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापासून नऊ किलोमीटर आत. कापूस, मका, मंगळवारचा बाजार, दोन बँका, एक बसस्टँड. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. पाटी बदलली, पाटीखाली बसणारी माणसं तीच राहिली. वर्षपूर्तीला गावाचा इतिहास आणि भूगोल छापायचा असं ठरलं. देवपूरच्या कॉलेजातून भूगोलात एम.ए. झालेला गावात एकच, आणि तो फुकट लिहून देईल हेही सगळ्यांना ठाऊक. नगराध्यक्ष सुनंदाबाई स्वतः सांगायला घरी आल्या. संघमित्रानं त्या दिवशी नव्या कपांत चहा दिला. तिच्या सासूच्या, लिलाबाईंच्या काळात याच पटांगणात त्यांच्या घरच्यांनी कुठं बसायचं ते ठरलेलं असे, आणि ते मागं, कडेला असे. आता लिलाबाईंचा नातू मधोमध उभा राहून गावाला गावाचा इतिहास सांगणार होता.

इतिहासाला प्रशीलनं दोन महिने दिले. पाच जणांनी त्याला पाच राजे सांगितले. पाचही राजांचे घोडे एकाच विहिरीवर पाणी प्यायले होते. विहीर सिमेंटची निघाली. तेव्हा 'इतिहास' या मथळ्याखाली त्यानं एकच ओळ लिहिली: 'पुरावा मिळाला नाही.'

सुनंदाबाई हवालदिल झाल्या. "थोडा तरी राजा टाक, भाऊ. नुसता घोडा टाकला तरी चालेल."

"भूगोल अकरा पानं आहे," प्रशीलनं त्यांना धीर दिला.

घोळ भूगोलातच होता. तो एका खासगी मोजणीदाराकडे कामाला होता. सुट्टीच्या दिवशी मालकाचं मोजणीचं यंत्र मागून आणायचा आणि शिवारात रोवून उभा राहायचा. हाताशी १९२१ सालचा नकाशा. गावाच्या रस्त्यापासून पूर्वेच्या नाल्यापर्यंत एकाला एक लागून बावीस शेतं. नकाशात नाला सरळ होता. जमिनीवर त्याला लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसासारखं पोट सुटलेलं. आधी त्याला वाटलं यंत्र चुकलं, मग वाटलं नकाशा चुकला. शेवटी त्यानं ट्रॅक्टरवाल्या धनसिंगला विचारलं. धनसिंग बिडी विझवून म्हणाला, "त्यात काय! आखाजीचं तास."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी हिवरखांबात नव्या सालाचं पहिलं तास, नांगराची पहिली रेघ, ओढतात. ते उगवतीकडच्या बांधाला ओढायचं, ही रीत. ओढताना फाळ शेजाऱ्याच्या बांधात चार बोटं जातोच. शेजारी भांडत नाही, कारण त्याचा फाळ त्याच सकाळी पुढच्या शेजाऱ्याच्या बांधात चार बोटं गेलेला असतो. आणि कुणी लबाड म्हणू नये म्हणून प्रत्येक जण मावळतीकडची चार बोटं सोडून देतो. सातबाऱ्यावर जितकी जमीन, तितकीच शेतात. शंभर वर्षांत इथं कुणी कुणाची करंगळीभर जमीन खाल्लेली नाही. फक्त सगळी शेतं चालत राहिली.

चार बोटं म्हणजे तीन इंच. गुणिले एकशे चार वर्षं. सव्वीस फूट पूर्वेला.

विहिरी आणि झाडं तेवढी जिथल्या तिथं राहिली. मधल्या शेतातल्या झुलालच्या आजोबांनी लावलेला आंबा आता मागच्या शेतात आहे, आणि झुलाल खातो ते आंबे पुढच्याच्या आजोबांचे. सगळ्यांना हे ठाऊक होतं. बोलायचं मात्र नाही, हीही रीतच.

संघमित्रानं ही अकरा पानं गुरुवारी वाचली, प्रशील छपाईचं विचारायला धुळ्याला गेला होता तेव्हा. सातव्या पानाशी ती थांबली. 'दरवर्षी पहिले तास रस्त्यालगतच्या शेतात ओढले जाते. ते होईपर्यंत इतर शेतकरी थांबतात. म्हणजे सरकण्याची सुरुवात तेथून होते.'

रस्त्यालगतचं शेत त्यांचं होतं. पूजा-नारळ त्यांच्या घरात कधीच नव्हता, पण तास होतं. यंदा नवरा, यादव, नोकरीमुळे धुळ्याहून येऊ शकला नाही, म्हणून बांधावर ती स्वतः उभी होती. धनसिंगनं ट्रॅक्टरवरून विचारलं होतं, "ताई, चार बोटं?" आणि ती म्हणाली होती, "दरवर्षीसारखं."

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. "आपलं नाव लिहिलंस?"

"नाव नाही. गट नंबर लिहिला."

"गट नंबर एक कुणाचा, ते शेंबडं पोरगंही सांगेल."

"म्हणून तर नाव लिहायची गरज पडली नाही."

"आणि आपण सोडलेली मावळतीची चार-चार बोटं? ती सव्वीस फुटांची पट्टी?"

"ती नकाशाप्रमाणे आपल्यातच आहे. तिच्यावर बसस्टँड आहे, स्वागताची कमान आहे, तानुबाईची टपरी आहे आणि नगरपंचायतीचं नवं शौचालय आहे."

तिला रविवारचं पटांगण दिसलं. "लोक म्हणतील, पोराला भूगोल लिहायला दिला आणि त्यानं बसस्टँड घेतलं."

"मी घेतलं नाही. ते आपल्यात आहे."

"हे वाक्य तिथं बोलू नकोस."

"का? बरोबर आहे."

तिनं सातवं पान गाळायला सांगितलं. तो म्हणाला, "मग भूगोल उरत नाही. नाल्याचं पोट कशानं सुटलं म्हणून सांगू?" शुक्रवारी सकाळी तिनं ती पानं ज्वारीच्या कोठीत खुपसली. त्यानं दुसरी प्रत काढून आणली आणि एक तिच्यासाठीही आणली.

तोवर धनसिंगच्या तोंडून गोष्ट फुटली होती. पहिली आली तानुबाई, एका हातात किटली घेऊन. "तीस साल तुना वावरमा चहा इका मी, माय. हाऊ ले, तुना हिस्साना." तीस वर्षं त्यांच्या शेतात चहा विकल्याचा हिस्सा म्हणून तिनं खरंच दोन कप ओतले आणि तिथंच बसून एक स्वतः प्यायली.

मग माणसं येतच राहिली. प्रत्येकाचं म्हणणं एकच: "बठ्ठा सरकना व्हतीन, मन्हं वावर जागावर शे." अशा सतरा जणांनी आपापलं शेत जागेवर असल्याचं सांगितलं. एकानं शंका काढली की पोऱ्याचं यंत्रच सरकलं असेल. झुलालनं विचारलं, गाव उगवतीकडे सरकलं तर आपल्याकडे सूर्य लवकर उगवतो का. प्रशीलनं वही काढली, आकडे मांडले. "हो. पण सेकंदाचा पन्नासावा भागही नाही."

"तरी लवकरच ना," झुलाल म्हणाला आणि समाधानानं गेला.

कुणी रागावलं नाही, याचीच संघमित्राला जास्त धास्ती वाटली. सगळे हसून जात होते. बसस्टँडचं कुणी काढत नव्हतं. याचा अर्थ ते रविवारसाठी राखून ठेवलं होतं. आणि एक माणूस आलाच नव्हता. लोटन नाना. बाविसावं शेत, नाल्याकाठचं, त्यांचं. वय एक्क्याऐंशी. नाना पटांगणात 'पोऱ्या खोटं बोलस' एवढं म्हणाले की गाव तेच धरून बसणार, आणि पुढची पन्नास वर्षं प्रशील म्हणजे बसस्टँड खाणारा पोरगा.

शनिवारी सकाळी तिनं मुलाला सांगितलं, "एक ओळ वाढव. त्या पट्टीवर आमचा हक्क नाही, असं लिही."

तो दाढी करता करता थांबला. "ते खोटं होईल. हक्क आहे."

"प्रशील."

"हक्क आहे, पण नको. असं लिहितो."

तिला ते बरं वाटलं. तिनं सांगितलं होतं त्याहून बरं. त्यानं साबणाच्या हातानंच ओळ लिहिली. मग ती आठव्या पानाकडे वळली. गुरुवारी तिनं ते भीतीनं नुसतं चाळलं होतं. आता नीट वाचलं. 'बाविसाव्या शेतापुढे शेजारी नाही, नाला आहे. त्यामुळे तेथील कुटुंब दर आखाजीनंतर पलीकडचा काठ खणते आणि निघालेली माती व दगड अलीकडे टाकून नाला चार बोटे पुढे ढकलते. हे काम हाताने चालते.'

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मोजताना बघितलं. नाना एकटेच पाटीतून दगड वाहत होते. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, बठ्ठा गाव पुढे ये ऱ्हायना, मी काय मांगे सरकू?"

"तू काय केलंस?"

"चार पाट्या टाकल्या. मग मोजणी करायची होती."

तिनं त्या ओळींवर बोट ठेवून त्या पुन्हा वाचल्या. बांधावर उभं राहून 'दरवर्षीसारखं' म्हणायला तिला एक क्षण लागला होता. तो शब्द एकवीस बांध ओलांडत गेला होता आणि बाविसाव्या शेतात दगड झाला होता. तिच्या सासऱ्यांनी, त्यांच्या वडिलांनीही तोच शब्द दिला होता. पहिल्या शेतानं शेवटच्या शेताला एकशे चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं की तुमच्याकडे काय होतं.

नानांना फोन करायचं तिनं ठरवलं आणि आधी यादवला फोन लावून तसं सांगितलं. तो दचकला. "नानांशी बोलणार? त्या गोष्टीवर गावात कुणी बोलत नाही."

"उद्या तुझा मुलगा माईकवर बोलणार आहे."

"मग नाना काय म्हणतील?"

"तेच विचारते."

नाना उद्या प्रशीलच्या शेजारी उभे राहतील की त्याला खोटा पाडतील, हे तिला माहीत नव्हतं. माफी मागायची की मदत, तेही ठरत नव्हतं. पहिलं वाक्य तेवढं जमलं होतं: 'नाना, सुरुवात आमच्याकडून होते.'

"आत्ता उचलतील का रे फोन?" तिनं विचारलं.

"सव्वासातपर्यंत गुरांना पाणी पाजतात," प्रशील म्हणाला. "आता सात-अठरा झाले. भिंतीवरचं बघू नकोस, ते चार मिनिटं मागे आहे."

संघमित्रानं चष्मा लावला आणि फोनमध्ये 'लो' पासून नावं बघायला सुरुवात केली.