खिम्याच्या मशीनचं पातं

१ जून २०२५, रविवार. नळाला पाणी पावणेसातला आले, अर्धाच तास. उजव्या मनगटाची सूज कालपेक्षा कमी. तरन्नुम दुपारी बीडहून आली, पिशवीभर आंबे घेऊन. बकरी ईद शनिवारी. पाते अजून आले नाही.

एवढं लिहून आमिनाबींनी वही मिटली. जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली ही सवय, रोज संध्याकाळी घडलं तेवढंच लिहायचं, मनातलं लिहायचं नाही. लग्न होऊन तेलगावला आल्या तरी ती सुटली नव्हती. मनातलं मात्र आज फार होतं.

पातं म्हणजे त्यांच्या खिम्याच्या मशीनचं पातं. मशीन हाताचं, लोखंडी, फळीला आवळून बसवायचं. त्यांचे शोहर ख्वाजा मोटार मेकॅनिक, आणि त्यांचे दोस्त विठ्ठलराव बागायतदार, परवान्याची बंदूक बाळगणारे. शिकारीला कायद्याची मनाई नव्हती त्या काळात दोघं ससे, तितर, कधी हरीण मारून आणत. रानातलं मांस चिवट आणि शिराळ, दातांना दाद देत नसे, म्हणून १९६९ साली हैदराबादहून दोघांनी मिळून हे मशीन आणलं. विठ्ठलरावांची बायको छबुबाई माळकरी, म्हणून ते ख्वाजांच्या घरी राहिलं.

त्याच वर्षी एकदा विठ्ठलरावांना यायला उशीर झाला आणि ख्वाजांनी सशाचा सगळा खिमा एकट्यानं संपवला. विठ्ठलराव आले, रिकामं पातेलं पाहिलं. मशीन उघडून आतलं पातं आणि जाळी काढली, रुमालात बांधली आणि म्हणाले, "आता खा बघू एकटा."

तेव्हापासून मशीन इकडं आणि पातं तिकडं. पुढं शिकारीवर बंदी आली, बंदूक जमा झाली, मशीन ईदच्या बोकडापुरतं उरलं. पातं मात्र विठ्ठलरावांच्या काडतुसांच्या रिकाम्या डब्यातच राहिलं. ख्वाजा गेल्यावरही नऊ वर्षं ईदच्या आठ दिवस आधी विठ्ठलराव धार लावलेलं पातं घेऊन ओसरीवर यायचे. "भाबी, घ्या तुमची किल्ली," म्हणायचे, आणि ईदच्या दिवशी पहिला कबाब त्याच ओसरीवर बसून खायचे.

"दादी, ते धूड भंगारात द्या आता," तरन्नुम म्हणाली. "मनगट बघा तुमचं. विजेचं घेऊ. बटन दाबलं की झालं."

"बघू."

"कावून बघू? पातं येईना, हात चालंना."

विठ्ठलरावांचा मुलगा राजकारणात होता. आता त्या घराला आपल्याकडं येणं-जाणं नको झालं असेल, हा विचार आमिनाबी रविवारपासून दूर लोटत होत्या. बुधवारी मात्र राहवेना. तरन्नुमचा हात धरून त्या दिंद्रुडच्या रस्त्यावर विठ्ठलरावांच्या घरी गेल्या.

विठ्ठलराव भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडले होते.

"चार रोज झाले, भाकर गोड लागंना त्यांना," छबुबाई म्हणाल्या. "इचारलं तर सांगंना बी. तुमीच बघा, आमिनाबी."

"विठ्ठलराव, मी आले."

विठ्ठलराव वळले नाहीत. "भाबी, पातं गेलं."

नातसून वैष्णवीनं खोली आवरताना जुनं लोखंड भंगारवाल्याला दिलं होतं. डबा दिसायला बरा म्हणून तेवढा ठेवला. विठ्ठलरावांनी माजलगावपर्यंत माणूस धाडला होता, पण माल पुढं गेला होता. वैष्णवी दाराआड उभी होती, डोळे सुजलेले.

"छप्पन साल सांभाळलं," विठ्ठलराव म्हणाले. "ख्वाजाला काय सांगू?"

"मला तरी सांगायचं. मी काय काय मनात आणलं."

"कोणत्या तोंडानं येऊ? एक दात न्हाई त्यात."

आमिनाबींना हसू आलं आणि चार दिवसांचं ओझं उतरलं. त्या वैष्णवीला म्हणाल्या, "डबा आहे ना, बेटा? घासून उन्हात ठेव."

गुरुवारी त्या तरन्नुमबरोबर माजलगावच्या भांड्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं आधी वाडग्यासारखं विजेचं मशीन दाखवलं, हलकं आणि देखणं. तरन्नुमला ते पाहताक्षणी आवडलं.

"ह्याचं पातं घरी नेऊन वेगळं ठेवता येईल?" आमिनाबींनी विचारलं.

"धुवायला निघतंय, आजी. पण वेगळं कशाला ठेवता? वरून फिरतंय ते, मांस कापतंय नुसतं. जाळी न्हाई ह्याला."

"मग नको. शिरा तशाच राहतात, लगदा होतो. आधी मोठ्या भोकांच्या जाळीतून काढायचं, मग बारीक. ज्यांच्यासाठी करायचंय त्यांना दात नाहीत."

दुकानदारानं त्यांच्या पांढऱ्या ओढणीकडं पाहिलं. "लई जुनी माहिती दिसती."

"हरणाचा खिमा केलाय मी," आमिनाबी म्हणाल्या. "तुमचा जन्म नव्हता तेव्हा."

त्यानं मागून दुसरं काढलं, तेही विजेचंच. जड, गळ्याशी फिरकीचं कडं, मळसूत्रासारखा दांडा, त्यावर चार पात्यांचं फूल आणि दोन जाळ्या. आमिनाबींनी डाव्या हातानं कडं फिरवून पाहिलं. फिरलं. पातं अलगद तळहातावर आलं.

"हेच."

"दादी, हे उचलणार कोण?" तरन्नुम म्हणाली.

"तू."

परतताना रिक्षा विठ्ठलरावांच्या दारात थांबली. आमिनाबींनी नवं पातं आणि जाळ्या रुमालात बांधून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. विठ्ठलरावांनी गाठ सोडली, पाहिलं, पुन्हा बांधली. मग पुन्हा सोडली.

"भाबी, आता तर बटनाचं मशीन तुमचं. ह्याची काय गरज?"

"मशीन माझ्या घरी. एकटीनं खिमा केला तर तुमचे दोस्त रागावतील."

विठ्ठलराव बराच वेळ बोटानं पात्याची धार पाहत राहिले. वैष्णवीनं घासलेला डबा आणून शेजारी ठेवला, तळाशी कापूसही घातला होता.

"शनिवारी सातला आणतो," ते म्हणाले.

"साडेआठला. आधी नमाज."

"साडेआठला मग. पर बारीक करा, दोनदा काढून."

५ जून २०२५, गुरुवार. नळाला पाणी आले नाही. खिम्याचे विजेचे मशीन आणले, ते स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्याशेजारी ठेवले आहे. पाते व दोन्ही जाळ्या विठ्ठलरावांच्या डब्यात.