सुतकात बंद ठेवलेला रेडिओ

या, जरा जवळ सरका. लिहितेय खरी, पण एवढ्या लांबून माझं बोलणं कसं पोचायचं? आणि मोठी आहे म्हणून आधी थोडं रागावून घेते. तुमच्या घरातला एखादा म्हातारा रोज दार लोटून खोलीत काहीतरी करत बसत असेल ना, तर एकदा आत जाऊन विचारा, काय करताय, कोणाशी बोलताय. नुसता चहा ठेवून परत फिरू नका. मी कित्येक वर्षं तशीच फिरले... म्हणून सांगते.

माझे धाकटे दीर मधुकर, आम्हा सगळ्यांचे मधूभाऊजी, जाऊन आता सव्वा महिना होईल. शेवटचं बोलणं झालं तेही चहावरूनच. माडीवरच्या खोलीत कप ठेवला तर म्हणाले, "वहिनी, आज आलं कमी पडलं." मी म्हटलं, "बाजारात जाऊन आल्याचा भाव विचारून या, मग बोला." हसले. दुपारी छातीत दुखायला लागलं, माझा प्रशांत त्यांना रिक्षात घालून घेऊन गेला, आणि संध्याकाळी त्याचा फोन... "आई, काका गेले."

भाऊजी फौजेत सिग्नलला होते. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि परत आले ते इथेच, उमेळ्याला, आमच्या वाडीत. लग्न केलं नव्हतं. आता हा माणूस केळीला पाणी लावेल, संध्याकाळी देवळात बसेल, असं आम्ही धरून चाललेलो. तर भाऊजींनी परीक्षा देऊन हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या बिनतारी मशीनवरून लांबच्या माणसांशी बोलायचा, परवाना काढला. माडीवर टेबल मांडलं, त्यावर मशीन, माइक, बॅटऱ्या, आणि गच्चीतल्या लोखंडी खांबापासून विहिरीजवळच्या माडापर्यंत लांबलचक तार ओढली. नारळ पाडायला येणारा वर चढता चढता ओरडायचा, "सुभेदार, शॉक नाय ना लागणार?" शेजारच्या नव्या बिल्डिंगीतली बाई तक्रार घेऊन यायची, "काकी, तुमचे दीर बोलायला लागले की आमचा टीव्ही घरघरतो." मीसुद्धा पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "भाऊजी, एवढा मोठा रेडिओ आणलात, जरा जुनी गाणी तरी लावा." तर म्हणाले, "वहिनी, यात गाणी नाहीत. माणसं आहेत."

त्यांचं पहिलं मशीन जुनं होतं, गरम व्हायला वेळ घ्यायचं. म्हणून सकाळी चहा घेऊन वर गेले की भिंतीवरचं बटण मीच दाबायची. पुढे नवीन मशीन आलं, त्याला तापायला लागत नव्हतं, पण माझा हात जायचाच. भाऊजी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. समोरच्याला दिसणार थोडंच होतं! पण नाही, शर्ट हवा. मग कोणीतरी एक जण ठिकठिकाणच्या माणसांना पाळीपाळीनं हाक द्यायचा, ज्याची पाळी येई तो बोलायचा. घरात आमच्या बोलीत बोलणारा हा माणूस तिथे एकदम फौजी हिंदीत सुरू व्हायचा. एका पावसाळ्यात सगळीकडे पाणी भरलं, लाइट नाही, मोबाइल बंद, तेव्हा याच मशीनवरून अर्ध्या आळीच्या लेकीबाळींना निरोप गेले होते. चार दिवस कौतुक झालं. नंतर पुन्हा आपलं ते सुभेदारांचं खेळणं.

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सवयीनं म्हणा, मी वर गेले आणि बटण दाबलं. मशीन बोलायला लागलं. कोणीतरी भाऊजींना हाक देत होतं. थांबायचं, पुन्हा हाक द्यायचं. खाली ओटीवर भेटायला आलेली माणसं बसलेली. मला इतकं ओशाळं वाटलं! सुतक आहे घरात, आणि रेडिओ लावलाय... लोक काय म्हणतील? झटकन बटण बंद केलं. शिवाय प्रशांतलाही ताकीद दिली, "तेराव्यापर्यंत त्या मशीनला कोणी हात लावायचा नाही." भाऊजींचा मोबाइल हॉस्पिटलातून आलेल्या पिशवीत तसाच बंद पडून होता. तोही कोणाला आठवला नाही.

तेरावं झालं आणि दोन-तीन दिवसांनी दारात रिक्षा थांबली. माझ्याच वयाची एक बाई उतरली, खांद्याला पिशवी, मान वर करून माडाची तार बघतेय. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही वहिनी ना? आल्याचा चहा आणणाऱ्या?"

त्या मिरजेच्या कुसुमताई, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. भाऊजींनी कधीतरी पाठवलेल्या कार्डावरच्या पत्त्यावरून घर शोधत एकट्या आल्या होत्या. मला म्हणाल्या, "रोज हाक देतोय आम्ही. आधी वाटलं तार पडली असेल. मग वाटलं गावाला गेले. पण मधूभाऊ न सांगता जाणारे नव्हेत..." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी खांद्याची पिशवी खाली ठेवली. रोज माइकवर भाऊजी सांगायचे म्हणे, "रुको, वहिनी की चाय आ गई." त्या सगळ्या माणसांना मी ठाऊक होते. मला त्यांतल्या एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. कोणी गेलं की आम्ही लांबच्या लांब नात्यात फोन करतो, एखादं घर राहिलं तर जन्मभर ऐकून घेतो. आणि जी माणसं रोज भाऊजींना हाक देत होती, त्यांच्या तोंडावर मीच दार लावून घेतलं... सुतक पाळायचं म्हणून!

रात्री त्या आमच्याकडेच राहिल्या. सकाळी वर आल्या. भाऊजींच्या खुर्चीत नाही बसल्या, कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं. मी बटण दाबलं. हाक सुरू झाली. भाऊजींची पाळी आली तशी त्यांनी माइक उचलून आपली ओळख दिली आणि म्हणाल्या, "मैं मधुकरजी के घर से बोल रही हूँ. मधुकरजी नहीं रहे."

नंतर नुसती खरखर. मला वाटलं मशीन बिघडलं. मी पुढे झाले तर त्यांनी हात धरला. "सगळे आहेत," हळूच म्हणाल्या, "गप्प आहेत."

मी तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

बऱ्याच वेळानं एका म्हाताऱ्या आवाजानं विचारलं, "वो चायवाली भाभीजी कैसी हैं?" कुसुमताई मला म्हणाल्या, "परवान्याशिवाय तुम्हाला बोलता नाही यायचं. मी सांगते. काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, चुकले मी. तुम्ही हाका मारत होता आणि मी बंद करून ठेवलं. नुसता गाण्याचा रेडिओ समजले मी." त्यांनी माझ्याकडे बघितलं, माइक दाबला आणि एवढंच म्हणाल्या, "वहिनी सबको घर बुला रही है."

मी असं म्हटलं नव्हतं हो. म्हणायला हवं होतं, ते त्यांनी म्हटलं.

आता रोज सकाळी वर जाते, बटण दाबते आणि ऐकत बसते. नावं ओळखू यायला लागलीत. भाऊजींची पाळी येते तेव्हा ते सगळे क्षणभर थांबतात, मग पुढच्याला हाक देतात. तुमच्यापैकी कोणी त्यांतलं असेल, हे वाचत असेल, तर उत्तर देता येत नाही म्हणून इथे लिहिते. उमेळ्यात उतरून कोणालाही विचारा, माडाला तार बांधलेलं घर. प्रशांत तार काढू या म्हणत होता, मी काढू दिली नाही. आलं भरपूर घालीन. पण लवकर या, मीही आता म्हातारीच आहे.