पाच हजार वर्षांची फळी

काजळीताई माझ्या आईच्या वयाच्या. तरी मैत्रीण. मी साहित्याची पदवीधर, संग्रहालयातल्या वस्तूंखालच्या पाट्या लिहिते. ताई समोरच्या प्रयोगशाळेत जुनी हाडं-लाकडं जाळून त्यांतल्या कार्बनवरून वय काढतात. बोटं कायम काळी, म्हणून हे नाव.

नदीच्या गाळात एक होडी सापडली. ताईंनी फळीचं वय काढलं: पाच हजार वर्षं. फळीत लोखंडी खिळे होते.

"पाच हजार वर्षांपूर्वी खिळे?" संग्रहालयाचे संचालक हसले. "बाई, यापेक्षा ज्योतिषी स्वस्त पडेल." मग गंभीर झाले. प्रयोगशाळा बंद करू, म्हणाले.

ताईंची हयात त्या खोलीत गेली होती. त्या तडक गोदामात गेल्या. फळी हुंगली. तिथे त्यांचा धाकटा भाऊ लाकडं टिकवायचं काम करतो.

"काय पाजलंस रे हिला?"

"गोंद. वाळताना तडकली असती ना, ताई. पोटभर पाजला."

"गधड्या, खनिज तेलाचा गोंद तो!"

मग मला सांगितलं. जीव गेला की त्यातला किरणोत्सारी कार्बन ठरल्या गतीने घटतो. जितका कमी, तितकी वस्तू जुनी. खनिज तेल कोट्यवधी वर्षांचं, त्यात तो उरलेलाच नसतो. गोंदाने फळीला म्हातारं केलं होतं.

"मोजणी बरोबर होती. मोजलं भलतंच. मी आधी विचारायला हवं होतं."

होडीच्या फटींत गवत ठासलेलं होतं. एका खिळ्याच्या आड गोंद पोचला नव्हता. तिथलं चिमूटभर गवत ताईंनी काढलं. संचालकांना म्हणाल्या, "साल माहीत असलेलं एखादं लाकूडही द्या. साल सांगू नका. चुकले, तर कुलूप मीच लावते."

निकालाच्या दिवशी भाऊ संचालकांच्या दाराशी नखं खात उभा होता.

"गवत साडेआठशे ते साडेनऊशे वर्षांचं. लाकूड सहाशे ते साडेसहाशे."

"नेमकं साल?"

"ते ज्योतिष्याला विचारा. मी पल्ला सांगते."

संचालकांनी खिशातला कागद उघडला. "लाकूड जुन्या देवळाच्या तुळईचं. तिच्यावर साल कोरलंय. सहाशे वीस वर्षं झाली." चष्मा काढला. "आणि असले खिळे नऊशे वर्षांपूर्वीच्या सुमारासच घडवत."

भावाने शिट्टी मारली. चक्क ऑफिसात. संचालक उठले, ताईंचा काळा हात दोन्ही हातांत धरला.

"आजपासून तुमचा नमुना निघाल्याशिवाय गोंदाचा डबा उघडायचा नाही."

"ऐकलंस?" ताई भावाला म्हणाल्या, आणि खळखळून हसल्या. मी होडीखालची पाटी लिहायला घेतली.