गयाबाईला हसवलं कुणी?

फोटोतली बाई हसली तेव्हा बेबीनंदाच्या हातात वरणाचं पातेलं होतं. पातेलं तिनं सोडलं नाही, पण वरण हिंदकळून पायावर आलं, आणि ते गरम आहे हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

"संघपाल!"

"काय झालं?"

"हिनं डोळे मिटले. माह्या आईनं डोळे मिटले आन् परत उघडले. आन् मंग हसली."

"हां, ते ॲपच हलवून दाखवतं. हे बघ, मान बी फिरवते."

"बंद कर."

"अगं, बघ तर खरी..."

"आधी बंद कर म्हणते ना! मेल्याला साठाच्या वर वर्षं झाली तिला. तिला हसायला कुणी सांगितलं?"

संघपालनं मोबाइल पालथा घातला. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात भट्टीजवळ उभा राहणारा पोरगा, पण आईचा हा आवाज आला की अजून सहावीतला होतो. बेबीनंदा भिंतीला टेकून उभी राहिली. पालथ्या मोबाइलकडं बघत. जणू आत कुणी कोंडलंय.

टेंभुर्णीत बेबीनंदाला ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड. अंगणवाडीत तिचा जन्म गेला. ज्यांची शेंबडं पुसली, त्यांचीच पोरं नंतर तिच्याकडं बसायला आली. बाप झालेली माणसं तिला रस्त्यात बघून अजून शर्टाची बटणं लावतात. स्वच्छतेचं तिला वेडच. अंगणवाडीच्या भिंतीवरचे पोरांच्या हातांचे ठसे संध्याकाळी ती स्वतः घासून काढायची. निवृत्त झाल्यावर हा सगळा जोर घरावर आला. दर रविवारी बुद्धमूर्ती ठेवलेली शोकेस पुसायची. शोकेसच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, एक तपकिरी डाग होता, तेवढा एक तिला पुरून उरला होता. ओल्या फडक्यानं गेला नाही, राखेनं गेला नाही, म्हणून तिनं तारेची घासणी लावली. अर्धा गेला. उरलेला अर्धा पुढच्या रविवारी काढीन म्हणायची.

या बाईला आई आठवत नव्हती. गयाबाई गेली तेव्हा बेबीनंदा पाळण्यात होती. आईचा म्हणून जगात एकच फोटो. गावात पहिल्या बुद्ध विहाराचा पाया घातला त्या दिवशीचा, बाया-माणसं ओळीनं उभी. बायांच्या डोक्यावर दगडांची घमेली. शेवटची गयाबाई. तिचं लुगडं दिसतं, कोपर दिसतं, चिखलानं भरलेले पाय दिसतात. घमेल्याखाली मात्र चेहरा नाही. चिंचोक्याएवढं पांढरं भोक. 'कसरीनं खाल्ला,' असं घरात सगळेच म्हणत आले. आईचे पाय बेबीनंदाला पाठ होते, त्याच्या वर कधी जाताच आलं नाही.

यंदा विहाराची नवी इमारत पुरी झाली. आषाढ पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास बसायच्या आत, पहिल्या विहारासाठी दगड वाहणाऱ्यांचे फोटो भिंतीवर लावायचं ठरलं. विहार समितीचे तातेराव सर घरोघर फिरत होते. बेबीनंदाच्या दारात ते थांबले आणि चाचरले.

"तुमच्या मायचं... नुसतं नाव लिहू का?"

"नुसतं नाव लिहायला ती काय मतदारयादी हे का सर? फोटोच लावीन मी. चेहऱ्याचा."

बोलून गेली. आता चेहरा आणायचा कुठून?

सरांनी स्टुडिओचं नाव काढलं तर तिनं हातच जोडले. "नको, नको. सासऱ्याचा फोटो मोठा करायला टाकला होता, त्या बाबानं सासऱ्याला कोट घातला. जन्मभर धोतर नेसलेला माणूस! टाय लावली वरून. अजून पाव्हणे इचारतात, हे कलेक्टर होते का?"

म्हणून घरीच करायचं ठरलं. आणि फोटो दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर निवडायचं म्हणजे घरात स्थळं बघायला सुरुवात झाल्यासारखं झालं. संघपाल मोबाइलवर एकेक उतरवून आणायचा, सुमेधा नाक मुरडायची. सुमेधा त्याची बायको. सासूला ती 'मामी' म्हणते, तिच्या माहेरच्या पद्धतीनं.

"हे बघ, हे मस्त हे," संघपाल म्हणाला.

"प्रत्येक बोटाला जाहिरात येते त्याच्यात. मामींच्या आईच्या अंगावर साबण विकू राह्यलेत ते."

"मंग हे घे. मोठमोठे फोटोवाले हेच वापरतात."

"दर महिन्याला पैसे मागतं हे. आपल्याला एकच फोटो करायचाय."

"तुझं कोणतं मंग?"

सुमेधानं जुना लॅपटॉप उघडला. "हे. फुकट हे. बटणं लय हेत, शिकायला येळ लागंल. पण आपण सांगितल्याशिवाय काहीच करत न्हाई."

"सांगितल्याशिवाय काहीच करत न्हाई?" संघपाल हसला. "अशा नोकराला तं लोक कामावरून काढतात!"

आणि त्यानं मोबाइलवरचं आपलं दाबलं. त्याच्यात एकच बटण होतं, जादूच्या कांडीचं. पडद्यावर चक्र फिरलं आणि घमेल्याखाली, त्या पांढऱ्या भोकात, एक बाई आली. रंगीत, गोरीपान, सरळ नाक, मोठे डोळे, भरलेले ओठ. बेबीनंदानं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. मग दिवसभर हातातलं काम टाकून ती येऊन येऊन बघून गेली. संध्याकाळी वरण चुलीवरून उतरवताना संघपालच्या मोबाइलवर तो चेहरा हलला, तोच सुरुवातीचा प्रसंग.

पण माणसाला सवय होते. हलणारं तिनं पुसायला लावलं, चेहरा ठेवला. जालन्यात जाऊन मोठी प्रत काढली, मस्तगडच्या दुकानातून फ्रेम करून आणली. शेजारच्या बाया बघायला आल्या. "अगं, सगळी तूच! नाक तं बराबर तुझंच!" बेबीनंदा आरशात जाऊन नाक बघून आली. सकाळी चहाचा कप घेऊन ती फोटोसमोर बसायला लागली. काहीबाही बोलायची. "आई, आज नळ आला न्हाई." "आई, संघपालच्या पोरीला ताप हे." आई म्हणायची सवय जिभेला कधी नव्हती. ती लागत होती.

पौर्णिमा आठवड्यावर आली तेव्हा तीर्थपुरीहून सोनूबाई मावशी आली. गयाबाईची धाकटी बहीण. गयाबाईला डोळ्यांनी बघितलेलं आता हे एकच माणूस उरलं होतं. बेबीनंदानं तिला पाणी दिलं, हात धरून फोटोसमोर नेलं आणि लहान पोरीसारखी बाजूला उभी राहिली.

मावशीनं बघितलं. पदर सारखा केला. परत बघितलं.

"ही कोण बाई?"

"मावशी, चष्मा लाव."

"लावलाय ना. ही कोण म्हणते मी? समितीतली हे का?"

"मावशी, आई हे ती. गया."

"गया?" मावशी हसायलाच लागली. "बाई, ही मला टीव्हीतली सासू दिसू राह्यली. गयाचं नाक असं व्हय? लहानपणी म्हशीनं लाथ मारली तिला, नाक बसलं ते बसलंच. आम्ही चपटी म्हणायचो, ती दगड घेऊन मागं लागायची. ही बिलकुल गया न्हाई."

हसता हसता ती थांबली. कारण बेबीनंदा खाली बसली होती. फरशीवरच.

"मंग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?" ती म्हणाली.

संघपाल दाराकडं सरकला.

"संघपाल, मी तुला इचारू राह्यले. ही कोण हे?"

"कुणीच न्हाई गं." संघपालचा आवाज खोल गेला. "तिथं भोक होतं. मशीननं भरलं."

"कशानं भरलं?"

"त्यानं... लाखो बायांचे फोटो बघितलेले असतात. त्याच्यातून जुळवून..."

"दुसऱ्यांच्या आया," बेबीनंदा म्हणाली. "दुसऱ्यांच्या आया कापून माझी केली. आन् तिला चहा पाजू राह्यले मी."

सुमेधानं गुपचूप लॅपटॉप आणला. मावशीला निदान खरा फोटो तरी दाखवावा म्हणून. आपल्या त्या सांगकाम्या सॉफ्टवेअरमध्ये तिनं मूळ फोटो उघडला आणि मोठा करत गेली. लुगड्याचे काठ आले, कोपर आलं. "हां, ही गया," मावशी म्हणाली. "कोपर बघ, काटकुळं." सुमेधा भोकापर्यंत गेली. आणखी मोठं केलं. आणि थांबली.

"मामी, हे कसरीनं खाल्लेलं न्हाई."

"मंग?"

"कसरीनं खाल्लं की कड कुरतडल्यासारखी दिसते. इकडं वरच्या कोपऱ्यात बघा, ही कसर. पण इथं कागदाचे धागे वर आलेत. हे उपटलंय. जादूच्या कांडीनं हे सगळं गुळगुळीत केल्तं, म्हणून दिसलं न्हाई."

"कोण उपटंल? कामून?"

"फोटो कुठं चिकटला होता का?"

बेबीनंदा आठवायला लागली. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकताना दिसत होती. "घर बांधलं तव्हा... जुन्या फ्रेमीत पावसाची वल गेल्ती. फोटो काचेला धरला होता. मी वढला. टर्र आवाज आल्ता. भोक बघितलं, मला वाटलं आतून कसर लागली..."

"मंग चेहरा काचेलाच राह्यला असंल," सुमेधा म्हणाली. "ती काच कुठं गेली, मामी?"

संघपालला आधी आठवलं. घरभरणीच्या आधी शोकेसची काच फुटली होती. आईनं म्हटलं होतं, नवी कामून आणायची, फोटोची जुनी काच जाड हे, खालच्या फळीला बराबर बसते.

चौघांनी एकदमच शोकेसकडं बघितलं.

बेबीनंदा जागची हलली नाही. संघपालनं काच सरकवून काढली, दोन्ही हातांत ताटासारखी धरून आणली. बाहेरून तोच डाग, तपकिरी, घासलेला. सुमेधानं काच उलटी केली.

त्या बाजूनं कुणीच कधी बघितलं नव्हतं. ती बाजू आत होती, बुद्धमूर्तीकडं. कागदाची पाठ बाहेर आणि चेहरा आत.

कपाळ होतं. घमेल्याची सावली पडलेला एक डोळा होता, उन्हानं बारीक केलेला. आणि नाक होतं, बसकं, मधूनच दबलेलं. त्याच्या खाली काही नव्हतं. एक गाल, ओठ, हनुवटी, सगळं स्वच्छ. चकचकीत. पलीकडची फरशी दिसत होती.

"अगं माय," सोनूबाई म्हणाली. "चपटे!" आणि ती काचेवर वाकली.

बेबीनंदानं नाक बघितलं, मग स्वतःचे हात बघितले. "मी घासलं," ती म्हणाली. "दर रविवारी. तारेच्या घासणीनं." तिचा आवाज रडका नव्हता. कुणीतरी थोबाडीत मारल्यावर माणूस जसा आधी नुसता बघत राहतो, तशी ती बघत होती. "मी आईचं तोंड घासलं, मावशी."

मावशीनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात ओढले. "तुही माय बी अशीच होती. भांडं चकाकलं तरी घासायची. सासू म्हणायची, गये, बूड गळंल त्याचं."

बेबीनंदानं मान वर केली. आईबद्दलचं एवढंसुद्धा तिला नवीन होतं.

सुमेधानं काचेतून फोटो घेतला, लॅपटॉपवर तो तुकडा मूळ फोटोतल्या भोकावर आणला. सॉफ्टवेअरनं काहीच आपणहून केलं नाही. तिनं सरकवलं तेवढंच सरकलं. कडा जुळल्या, धाग्याला धागा. घमेल्याखाली कपाळ आलं, डोळा आला, नाक आलं.

"खालचं तेवढं भरू का?" संघपालनं हळूच विचारलं. "नाक आता खरं हे. त्याच्यावरून मशीन बराबर ओठ..."

"हात लावून बघ, मोडून ठेवीन तुहा मोबाइल."

"पण आई, भिंतीवर अर्धीच?"

"मी वढला, मी घासला. तेवढी अर्धीच उरली." ती सुमेधाकडं वळली. "ते काळं-पांढरं हे तसंच राहू दे. गोरी करू नको तिला."

"न्हाई करत, मामी. हे सांगितल्याशिवाय काहीच करत न्हाई."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सासू-सुना मस्तगडला गेल्या. त्याच दुकानात. दुकानदारानं आधीची फ्रेम ओळखली, आतली गोरी बाई काढून बाजूला ठेवली, नवा फोटो बघून अडखळला.

"ताई, चेहरा अर्धाच आहे. दुसरा चांगला फोटो न्हाई का?"

"न्हाई."

"आधीचा काय वाईट होता? किती छान दिसत होत्या."

"त्या कोण होत्या ते मला म्हाईत न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "हा लावा. आन् काच फोटोला टेकू देऊ नका. मधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाका, चारी बाजूंनी."

"पट्ट्या कुणी टाकत न्हाई हो."

"तुम्ही टाका. मी थांबते."

पट्ट्या कापून होईपर्यंत ती काउंटरला चिकटून उभी राहिली. दुकानदारानं काच घेतली, तिच्यावर पाणी शिंपडलं, वर्तमानपत्राचा बोळा केला आणि दोन्ही हातांनी रगडायला लागला.

बेबीनंदानं काउंटरवरून झेप घेतल्यासारखं त्याचं मनगट धरलं. तो दचकला. सुमेधाही दचकली.

काच नवी होती. तिच्यावर काहीच नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. तरी तिनं मनगट सोडलं नाही.

"हळू," ती म्हणाली. "आधी दुसऱ्या बाजूनं बघा."