सेलरीचं गुपित

वासंती गेल्याचं मला तिच्या शेजाऱ्यानं कळवलं. जेकब आमिश आहे, वीज-मोटारी टाळून जुन्या रीतीनं शेती करणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. त्यांच्या घरात फोन नसतो. शेताच्या कडेला लाकडी खोपटात ठेवलेल्या फोनवरून तो बोलला, "सकाळी झोपेतच गेली. माझी मुलगी लिडिया तिच्याजवळ होती." एडिसनमधल्या माझ्या स्वयंपाकघरात मी तशीच उभी राहिले... आणि रडू येण्याआधी मनात आलं ते हेच, की लिडिया का? मी का नाही?

नागपूरच्या हॉस्टेलपासूनची आमची मैत्री. एका बादलीत दोघींचे कपडे भिजायचे. पुढे लग्न होऊन दोघी अमेरिकेत आलो, आणि नवरा गेल्यावर वासंती पेनसिल्व्हेनियातल्या त्या शेतांमध्ये राहायला गेली. आमिश लोक स्वतः गाडी बाळगत नाहीत, पण दुसऱ्याच्या गाडीत बसतात. ती त्यांना दवाखान्यात, बाजारात नेऊ लागली. वीकेंडला बोलावलं की म्हणायची, "अगं, या वेळी कॅन्सल करू या, लिडियाला कापड घ्यायला न्यायचंय." लिडिया, लिडिया...

एका उन्हाळ्यात मीच गेले, तर जेकबच्या मळ्यात जिकडेतिकडे सेलरी, ती जाड हिरव्या देठांची भाजी. "एवढी कशाला गं?" "सूप आवडतं त्यांना," वासंती शांतपणे म्हणाली. पानगळीत कळलं, लिडियाचं लग्न होतं! रविवारी संध्याकाळी त्यांची तरुण मुलंमुली भक्तिगीतं गायला जमतात. तिथून एक मुलगा तिला आपल्या घोडागाडीतून घरी सोडायचा. लग्न ठरलंही होतं, पण चर्चमध्ये जाहीर होईपर्यंत त्यांच्यात कुणी चकार शब्द काढत नाही. अंगठी नाही, फोटो नाही. मेजवानीला भरपूर सेलरी लागते, म्हणून मळाच काय ती चुगली करतो. आपल्याकडे पत्रिका जुळायच्या आत बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर! "मला तरी सांगायचंस," मी म्हटलं. "माझं नव्हतं ते सांगायला," ती म्हणाली. लिडियानं लग्नाचा पोशाख स्वतः शिवला, निळा. त्याच्या कापडासाठी वासंती तिला घेऊन चार दुकानं फिरली होती. माझ्या मुलीचा शालू घ्यायला मात्र तिला जमलं नव्हतं.

अंत्यसंस्कारानंतर तिचं घर आवरायला थांबले. लिडिया मागच्या दारानं आली, न ठोठावता. माझ्यासमोर बसून म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हा मी फार घाबरले होते. घरात कुणाला सांगता येईना. तेव्हा तिनं मला तिची गोष्ट सांगितली... तुमच्या भावाची."

"कुठली गोष्ट?"

ती गोंधळली. मला माहीत असणारच, असं तिला वाटलं होतं. हॉस्टेलच्या दिवसांत वासंतीनं आणि माझ्या दादानं लग्न करायचं ठरवलं होतं. मग आईनं पाहिलेल्या मुलीला दादानं होकार दिला.

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही भावाशी कायमचं भांडला असता, असं म्हणाली. तिला तुमचं माहेर तोडायचं नव्हतं."

दादा आता नाही, वहिनीही नाही. भांडू कुणाशी? माझ्यासाठीच ती गप्प राहिली, हे मला समजतं. तरी पोटात दुखलं ते दुखलंच. माझ्या घरातली गोष्ट तिनं एका परक्या मुलीला इंग्रजीत सांगितली, आणि मला मराठीत नाही...

चहा करावा म्हणून उठले. गाळणं सापडेना, एकेक ड्रॉवर उघडत राहिले. लिडियानं कपाटाच्या दारामागच्या खिळ्यावरून ते काढलं, आलं ठेचलं, आणि वासंती चहा टाकायची तसं आधी दूध गॅसवर ठेवलं. चहा अगदी तिच्या हातचा झाला होता. मी तसं म्हटलं नाही... कप मात्र रिकामा केला.