प्रज्ञाचा खोकला आणि कंपनीचा कोड

राजेहो, मित्रांनी मिळून फुकटचं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं की कोड हळूहळू साठतो, किस्से मात्र भराभर! लोहाऱ्यात एका वेल्डिंगच्या दुकानावर आमची खोली होती. कपाशीत बोंडअळीचे पतंग दिसले की आमच्या सॉफ्टवेअरमधून शेतकऱ्याच्या फोनवर इशारा जायचा. कोड सगळ्यांसाठी खुला. कोणीही घ्यावा, कोणीही सुधारावा.

*

मी आणि बबलू कंत्राटी. आज या कंपनीचं काम, उद्या त्या. बबलूसाठी मुलगी पाहायला घाटंजीला गेलो, तर मुलीच्या मामानं विचारलं, "नोकरी परमनंट हाय काय?"

"नाही मामाजी, कंत्राटी."

"अन् थे बोंडअळीचं?"

"थे फुकट करतो. पण थे परमनंट हाय!"

पोहे संपायच्या आत आम्ही बाहेर!

*

आमच्यातली तिसरी प्रज्ञा, मुकुटबनची, पुण्याच्या कंपनीत पगारी. नोकरीत असेपर्यंत ती जो कोड लिहील तो कंपनीचा, असा नियम. रविवारी घरच्या लॅपटॉपवर लिहिला तरी! मग ती व्हिडिओ कॉलवर नुसती बसायची. बबलू स्क्रीन दाखवत कोड सरकवायचा, चुकीची ओळ आली की ती खोकायची.

"खोकला तं कंपनीचा नाही न?" बबलू विचारायचा.

एकदा तिला खरंच सर्दी-खोकला झाला. बबलूनं अर्धा चांगला कोड पुसून टाकला!

*

पण पोरीचा जीव मुकुटबनात अडकलेला. बाबा एकटे. आकडे ओळखतात, अक्षरं नाही. आदल्या वर्षी आमचा मेसेज त्यांच्या फोनवर न वाचलेला पडून राहिला आणि अळीनं कपाशी खाल्ली. प्रज्ञाला तो इशारा बोलका करायचा होता. तिनं कंपनीत परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "विचारून सांगतो." इकडे बोंडं धरली, तरी साहेबांचं विचारणं संपेना! असा संताप आला होता मला!

शेवटी प्रज्ञाच म्हणाली, "कोड तुम्ही लिहा. आवाज तं माहा हाय न? थो काही कंपनीनं घेतला नाही!"

*

पहिला बोलका इशारा गेला, तेव्हा मी मुद्दाम मुकुटबनला बाबांजवळ जाऊन बसलो होतो. फोन वाजला. मी स्पीकर लावून दिला.

"पतंग वाढून राह्यले. उद्या सकायी बोंडं फोडून पाहा."

"हो माय, पाहतो," बाबा म्हणाले. "तू जेवली काय?"

"पुन्हा आयकाचं असन तं एक दाबा."

बाबांनी एक दाबला.